सुटलेले गणित पुन्हा भेटते तेव्हा

मराठीत ‘गणित सुटले’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे उत्तर मिळाले. दुसरा म्हणजे विषयातून मोकळे झालो. दहावीचा निकाल लागल्यावर महाराष्ट्रातली पुष्कळ मुले हे वाक्य दुसऱ्या अर्थाने म्हणतात. अकरावीला कला शाखा घेतली की गणिताशी बहुधा संबंध उरत नाही. वाणिज्य शाखेत ‘गणित व संख्याशास्त्र’ हा विषय ऐच्छिक आहे. त्याच्याऐवजी ‘चिटणिसाची कार्यपद्धती’, म्हणजे मुलांच्या बोलीतले ‘एस. पी.’, घेता येते. गणिताची धास्ती घेतलेला विद्यार्थी काय निवडणार हे सांगायला नको.

पण ही सुटका दोनच वर्षांची ठरते. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष वाणिज्य वर्गाला ‘गणिती व संख्याशास्त्रीय तंत्रे’ हा विषय कित्येक वर्षे सक्तीचा होता. त्यात पहिल्या सत्राला शेअर आणि म्युच्युअल फंड, क्रमचय व संचय, रेषीय नियोजन, मध्य व विचलन, प्राथमिक संभाव्यता. दुसऱ्या सत्राला फलन, अवकलन, चक्रवाढ व्याज, वार्षिकी, सहसंबंध, निर्देशांक असा ऐवज असे. बारावीला गणित घेतलेला आणि दहावीनंतर गणिताचे तोंड न पाहिलेला, असे दोघेही एकाच बाकावर बसून हे शिकत. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले, विषयांची नावे व श्रेयांक बदलले. तरीही शेकडेवारी, व्याज, सरासरी आणि आलेख यांना वगळून वाणिज्य शिकवता येईल असे कुणी म्हणणार नाही. कला शाखेच्या अर्थशास्त्रातही ते आहेतच. विज्ञान शाखेत तर त्यांच्याशिवाय प्रयोगवहीचे पान उलटत नाही.

आम्हाला या लेखात विचार करायचा आहे तो पहिल्या वर्षाच्या या उंबरठ्याचा. इथे अडखळलेल्या विद्यार्थ्याला ए. टी. के. टी. मिळते आणि तो दुसऱ्या वर्षाला जातो. पण मागे राहिलेला विषय व्याजासारखा वाढत जातो, आणि कित्येकांची पदवी या एका विषयापायी अडून बसते.

महाड आणि पोलादपूर

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे आतले, सह्याद्रीला टेकलेले तालुके. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. आंबेनळी, वरंध आणि कशेडी हे तीन घाट याच भागातले. वस्ती मुख्यतः वाड्यांमधून विखुरलेली. घरटी एक तरी माणूस मुंबई-ठाण्याला नोकरीला, हे चित्र अजून फारसे बदललेले नाही.

शिक्षणाच्या सोयी मात्र आहेत. महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. ज्या गावात १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच गावात बाबासाहेबांनीच स्थापन केलेल्या संस्थेचे हे महाविद्यालय उभे राहावे, हे औचित्यपूर्णच. पोलादपूरला सुंदरराव मोरे महाविद्यालय आहे. महामार्गाने मुंबईच्या दिशेला थोडे गेले की लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले तंत्रशास्त्र विद्यापीठ लागते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी मिळावी ही विज्ञानाच्या अनेक पदवीधरांची साधी, रास्त इच्छा असते. त्या प्रयोगशाळेत सांडपाण्याचा सामू ५ वरून ३ वर आला तर आम्लता दुप्पट झाली की शंभरपट, हे कळावे लागते. शंभरपट, कारण सामू ही लॉगरिदमची मोजपट्टी आहे. उत्तर पाठ असणे पुरत नाही, कारण उद्या आकडा ४.३ असेल.

तेव्हा इथल्या मुलामुलींच्या दृष्टीने पहिल्या वर्षाचे गणित म्हणजे केवळ एक पेपर नव्हे. घरात पदवीपर्यंत पोहोचणारे हे बहुधा पहिलेच माणूस असते. बाहेरून बसून विषय सोडवण्याइतका वेळ आणि पैसा घराकडे असेलच असे नाही. मुलगी असेल तर ‘एक विषय राहिलाय’ हे लग्न ठरवायला पुरेसे कारण होते.

चूक कुठून येते?

पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला काही चुका इतक्या वेळा भेटतात की त्या ओळखीच्या होऊन जातात. १/२ + १/३ = २/५ ही त्यांतली एक. आपण तिच्यावर लाल काट मारतो आणि पुढे जातो. थोडे थांबून पाहू. विद्यार्थ्याने अंशांची बेरीज केली, छेदांची बेरीज केली. गुणाकारात नेमके हेच चालते: अंश गुणिले अंश, छेद गुणिले छेद. म्हणजे त्याने नियम पाळला आहे, फक्त दुसऱ्याचा. यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे. अर्ध्या भाकरीत आणखी काही घातले आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली, हे त्याला खटकले नाही. चिन्हांची हालचाल आणि वस्तूचे आकारमान यांच्यातला धागा कधीतरी, बहुधा पाचवी-सहावीत, तुटला. तो कुणी जोडला नाही.

दुसरी चूक शेकडेवारीची. पाचशे रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी कमी केली. आता किंमत किती? बरेच जण पाचशे म्हणतात. खरे उत्तर ४८०. वाढ पाचशेवर झाली, घट सहाशेवर. ‘टक्के’ या शब्दाच्या मागे ‘कशाचे?’ हा प्रश्न दडलेला असतो आणि तो विचारण्याची सवय लागलेली नसते. वाणिज्य शाखेचे निम्मे गणित या एका ‘कशाचे?’ वर उभे आहे.

तिसरी अडचण भाषेची, आणि आमच्या मते तिची दखल सगळ्यांत कमी घेतली जाते. मराठी माध्यमातल्या मुलाने शाळेत ‘द.सा.द.शे. १२ दराने’ असे वाचलेले असते. महाविद्यालयात बहुतेक संदर्भपुस्तके इंग्रजी. तिथे तोच दर ‘पर सेंट पर ॲनम’ होऊन येतो, मुद्दल ‘प्रिन्सिपल’ होते, वार्षिकी ‘ॲन्युइटी’. संकल्पना जुनीच आहे हे कुणी सांगितले नाही तर विद्यार्थी तिला नवीन समजतो आणि घाबरतो. उलट बाजूने पाहिले तर आपल्या भाषेत सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच अशी अपूर्णांकांची केवढी श्रीमंती आहे! ‘सव्वापट’ कुणालाही कळते. ‘१२५ टक्के’ म्हटले की चेहरे कोरे होतात. ‘अडीचपट म्हणजे किती टक्के वाढ?’ हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. २५० असे उत्तर येते. बरोबर उत्तर १५०, आणि त्याच्या चर्चेत तास कसा संपतो ते कळत नाही. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात, मंगला नारळीकर ज्या समितीच्या अध्यक्ष होत्या त्या समितीने, ‘बावीस’बरोबर ‘वीस दोन’ असेही वाचन दिले, तेव्हा त्याची काय थट्टा झाली! पण ‘पंचेचाळीस’ ऐकून ५४ लिहिणारा विद्यार्थी ज्याने पाहिला आहे त्याला त्यात हसण्यासारखे काही वाटले नसेल.)

या तिन्हींवर कळस चढतो तो दोन वर्षांच्या खंडाचा. सुरी वापरली नाही की गंजते. गणिताची तर धार मुळातच बेताची होती. दहावीला बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २० अशा शंभरातून पस्तीस मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण होतो. अंतर्गत गुण हात सैल सोडून दिले जातात, हे आपण शिक्षकच जाणतो. उरलेल्या ऐंशीतून पंधरा-वीस गुण मिळवून पुढे आलेल्याला गणित ‘झाले’ आहे, असे मानून पहिल्या वर्षाचा प्राध्यापक फलन शिकवायला घेतो.

मात्र या मुलांना काही येतच नाही असे समजणे चूक ठरेल. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतल्या मुलीची आई बचत गटात असते आणि गटाची वही अनेकदा मुलगीच लिहिते. गट ‘शेकडा दोन’ने कर्ज देतो, म्हणजे दरमहा दर शेकडा दोन रुपये. दहा हजारांचे कर्ज दहा हप्त्यांत फेडायचे, दर महिन्याला हजार रुपये मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्यात व्याज २००, मग १८०, मग १६०, शेवटी २०. बेरीज ११००. हेच व्याज मूळ दहा हजारांवर दरमहा लावले तर २००० होईल. दोन्हीकडे दर तोच, पण नऊशे रुपयांचा फरक. ही मुलगी हे न चुकता लिहिते. ती अंकगणिती श्रेढी लिहिते आहे आणि ‘घटत्या शिलकीवरील व्याज’ या प्रकरणाच्या दारात उभी आहे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. महाविद्यालयात मात्र ती ‘गणितात कच्ची’.

जादा तासांचे काय होते?

आपल्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे जादा तास. विद्यापीठ अनुदान आयोगाने योजनाकाळांत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक मार्गदर्शनाला अनुदान दिले. पुढे नॅकच्या मूल्यांकनातही, हळू शिकणाऱ्यांसाठी तुम्ही काय करता, असा प्रश्न आला. हेतू चांगलाच होता. पण ‘स्लो लर्नर’ हा शिक्का आम्हाला पसंत नाही. पाचवीत तुटलेला धागा ज्याला कुणी दाखवला नाही तो हळू शिकणारा कशावरून?

आणि हे तास लागतात कधी? बहुधा नेहमीचे तास संपल्यावर. इथे एसटीचे वेळापत्रक आडवे येते. घाटाकडच्या वाडीला दिवसातून मोजक्या फेऱ्या. दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसा, पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर तेही नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत असतो. पदवीच्या पहिल्या वर्षापासून तो हिशेबही बदलतो. परिणाम असा, की ज्यांच्यासाठी जादा तास ठेवला त्या लांबच्या वाडीतल्या मुली गाडी धरायला निघून जातात आणि गावातच राहणारी, त्या मानाने बरी असलेली मुले तासाला बसतात. हजेरीपट भरतो, पण ज्यांच्यासाठी तो भरायचा होता त्यांची नावे त्यात नसतात.

अमेरिकेत याच रोगावरचा उपाय फार मोठ्या प्रमाणावर आणि अधिक शिस्तीने केला गेला, आणि त्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी गणिताची चाचणी होत असे. त्यात कमी पडणाऱ्याने आधी पायाभूत पाठ्यक्रम पुरे करायचे: अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग मध्यम बीजगणित. त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जात नसत. ते झाल्यावरच खरे महाविद्यालयीन गणित. कागदावर ही योजना निर्दोष दिसते. पाया कच्चा, तर आधी पाया भरा. आपल्यापैकी कुणीही हेच सुचवले असते.

त्यात गफलत कुठे आहे हे एका साध्या गुणाकारातून दिसते. समजा, शंभर विद्यार्थी तीन पायऱ्यांच्या अशा शिडीवर चढायला लागले. प्रत्येक पायरीवर ७० टक्के उत्तीर्ण होतात. उत्तीर्ण झालेल्यांपैकी ८० टक्के पुढच्या पायरीला नाव घालतात. बाकीचे नोकरी, घर, कंटाळा अशा कारणांनी घालत नाहीत. दोन्ही प्रमाणे तशी वाईट नाहीत. आता मोजू. पहिल्या पायरीवर ७० उत्तीर्ण, त्यांतले ५६ पुढे आले. त्यांतले सुमारे ३९ उत्तीर्ण, सुमारे ३१ पुढे आले. त्यांतले २२ उत्तीर्ण. शंभरातले बावीस! आणि ज्या गणितासाठी हा खटाटोप त्याला अजून हात लागलेला नाही. आणखी एक गंमत पाहावी. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात उत्तीर्ण होऊनही पुढे न आलेले १४ आणि ८, म्हणजे तेही २२. जितके शिडी चढून गेले तितकेच, कुठेही नापास न होता, वाटेत गळले. शिकवणे कितीही सुधारा, ही दुसरी गळती त्याने थांबत नाही. पायऱ्या कमी केल्या तरच ती थांबते.

वरचे आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्ष फार वेगळे नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टॉमस बेली व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात, पायाभूत गणिताकडे पाठवलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एकतृतीयांशच ती मालिका पुरी करतात असे आढळले. तीन किंवा अधिक पायऱ्या खाली पाठवलेल्यांत तर हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. २०१२ साली ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी चाचण्यांचीच चाचणी घेतली. गणितात साधारण चारातला एक विद्यार्थी चुकीच्या वर्गात टाकला जात होता, आणि शाळेतले गुण हे त्या एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा चांगले निदर्शक होते.

मग न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठात २०१३ साली एक नेटका प्रयोग झाला. प्राथमिक बीजगणिताचा पायाभूत वर्ग ज्यांना करावा लागणार होता अशा सुमारे नऊशे विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. पहिल्याला नेहमीचा बीजगणित वर्ग. दुसऱ्याला तोच वर्ग आणि दर आठवड्याला एक कार्यशाळा. तिसऱ्याला पायाभूत वर्ग नाहीच. थेट पदवीचे संख्याशास्त्र आणि सोबत कार्यशाळा. उत्तीर्णांचे प्रमाण अनुक्रमे ३९, ४५ आणि ५६ टक्के आले. ‘तुला अजून झेपणार नाही’ म्हणून ज्यांना खाली बसवले असते त्यांनी वरचा विषय अधिक संख्येने सोडवला. तीन वर्षांनंतर पाहिले तेव्हा पदवी पुरी करणाऱ्यांतही हाच गट पुढे होता.

या धर्तीवर टेनेसी राज्याने २०१५ पासून मुलांना थेट पदवीच्या वर्गात बसवून मदतीचा तास त्याच सत्रात जोडला, आणि कॅलिफोर्नियाने २०१७ साली तसा कायदाच केला. टेनेसीत वर्षभरात पदवीचे गणित पुरे करणारे पूर्वी आठात एक असत, ते निम्म्याच्या आसपास गेले. इथे एक सावधगिरी हवी. नंतरच्या पाहणीत असेही दिसले, की पहिला पेपर सुटतो, पण त्यामुळे पदवी मिळवणाऱ्यांची संख्या तेवढी वाढतेच असे नाही. गणित हा एक अडसर होता. घर, पैसा आणि अंतर हे अडसर जागच्या जागी होते. शिवाय बीजगणिताऐवजी संख्याशास्त्र दिल्याचा वाटा किती आणि जोडतासाचा किती, हे सगळीकडे वेगळे काढता येत नाही.

घराजवळचे अनुभव

असे प्रयोग परक्या देशातच झाले असे नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची शास्त्रशुद्ध पाहणी झाली. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज दोन तास, शाळेच्या वेळेतच, बाजूला घेऊन शिकवी. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. ही पाहणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. त्यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता वाचक विचारतील, की इथे मुलांना वेगळे काढून खालचे शिकवणे फळले आणि अमेरिकेत फसले, हे कसे? आम्हाला यात विरोध दिसत नाही. बालसखीने मुलाला वरच्या वर्गात जाण्यापासून अडवले नाही. शिडीला नवी पायरी जोडली नाही, हात दिला. आणि दोन्हीकडे जे फळले ते शाळेच्या, महाविद्यालयाच्या वेळापत्रकात बसवलेले होते, वेळापत्रकानंतरचे नव्हते.

त्याही आधी, १९८० च्या दशकाच्या आरंभी, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांना दहावीपर्यंत मार्गदर्शन केले. भाषेची अडचण दूर केली, प्रश्न विचारायला मोकळीक दिली, तर हीच मुले चमकतात, असे त्यातून पुढे आले. पाठ्यपुस्तकाची भाषा हाच मोठा अडथळा असतो, हे त्या केंद्राने तेव्हापासून पुन्हा पुन्हा मांडले.

बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केलेले निरीक्षणही या जोडीला ठेवू. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय मुले मागे का पडतात याची प्राध्यापकांनी दिलेली कारणे होती आवड नाही, घरी वातावरण नाही, तयारी नाही. ट्राइसमन मुलांबरोबर राहून पाहू लागले. मुले भरपूर अभ्यास करत, पण एकेकटी. चिनी वंशाची मुले एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, भांडत. ट्राइसमन यांनी मग कार्यशाळा सुरू केली. तिला उपचारवर्ग म्हटले नाही आणि सोपी गणिते दिली नाहीत. कठीण गणिते दिली, पण चार-पाच जणांनी मिळून सोडवायला. निकाल पालटला. आपल्याकडे स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलेल्या मुलींचे घोळके पाहिले, की गटाचा अर्धा भाग तयारच आहे असे वाटते.

कोणते गणित?

न्यूयॉर्कच्या प्रयोगाने आणखी एक प्रश्न पुढे आणला. ज्याला गणिताचा पदवीधर व्हायचे नाही त्याला नेमके कोणते गणित हवे? महाडमध्ये या प्रश्नाचे उत्तर फार शोधावे लागत नाही. २००५ च्या जुलैत आणि २०२१ च्या जुलैत सावित्रीच्या पुराने काय केले ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. दुकानांच्या भिंतींवर पाण्याच्या रेषा दाखवत लोक बोलतात. पुराच्या बातम्यांत ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असा शब्दप्रयोग येतो. ऐकणाऱ्याला वाटते, एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षे निर्धास्त. खरा अर्थ असा, की अशा उंचीचे पाणी येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी शंभरात एक आहे, आणि नदीला गेल्या वर्षीची आठवण नसते. मग तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता किती? एका वर्षी न येण्याची शक्यता ०.९९. तीस वर्षे लागोपाठ न येण्याची ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. तेव्हा निदान एकदा येण्याची ०.२६, चारात एकाहून थोडी जास्त. नदीकाठी कर्ज काढून घर किंवा दुकान घेणाऱ्याने हा आकडा माहीत असून निर्णय घ्यावा की माहीत नसताना?

या एका उदाहरणात घातांक आहेत, पूरक घटना आहे, स्वतंत्र घटनांचा गुणाकार आहे. पहिल्या वर्षाच्या संभाव्यतेच्या प्रकरणात हेच शिकवायचे असते. आपण ते लाल-निळ्या चेंडूंच्या पिशवीतून शिकवतो. पिशवीही वापरावी, तिला आमचा विरोध नाही. पण सुरुवात भिंतीवरच्या रेषेपासून केली तर मागच्या बाकावरचा विद्यार्थीही मान वर करतो. आणि या गणितात दशांश गुणाकार चुकला, तर तो चुकला हे त्याला पटते, कारण उत्तराशी त्याचे देणेघेणे असते. पाया भरायचा तो असा, इमारत चढवता चढवता.

शाळेच्या बाजूने

शेवटी शाळेतल्या शिक्षकांसाठी थोडे. गणित न झेपणाऱ्यांचे काय करावे यावर महाराष्ट्रात वेळोवेळी खल झाला आहे. काही वर्षे दहावीला ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता. २०१८ च्या सुमारास तो बंद झाला. २०१७ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात, गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण असले तरी पुढे जाऊ द्यावे, मात्र गुणपत्रिकेवर तशी नोंद करून त्या विषयांवर आधारलेले शिक्षण घेता येणार नाही असे ठरवावे, अशी तरतूद सुचवली गेली. नापासाच्या शिक्क्याने शिक्षण संपू नये, ही त्यामागची कळकळ आम्हाला मान्य आहे. पण ‘त्या विषयांवर आधारलेले शिक्षण’ म्हणजे कोणते? वाणिज्य त्यात येते का? अर्थशास्त्र? परिचारिकेचा पाठ्यक्रम, जिथे औषधाची मात्रा वजनाच्या प्रमाणात काढावी लागते? दार उघडे ठेवायचे तर आतल्या खोलीत दिवाही लावावा लागेल, आणि तो दिवा म्हणजे महाविद्यालयातला जोडतास.

हा जोडतास महाविद्यालयाने मुख्य तासाला लागून, सकाळीच ठेवावा, सर्वांना खुला ठेवावा, आणि त्याला ‘उपचार’ म्हणू नये. पुढच्या आठवड्यात वर्गात जे लागणार आहे तेवढेच मागचे त्यात उजळावे: शेअरच्या प्रकरणाआधी शेकडेवारी, रेषीय नियोजनाआधी आलेखावर बिंदू आणि असमानता. ‘आधी सगळे बीजगणित, मग पुढचे’ हा मोह टाळावा. इंग्रजी शब्दांशेजारी शाळेतला मराठी शब्द फळ्यावर लिहावा. शाळेतल्या शिक्षकांनी उन्हाळ्यात आपली दहावीची मुले पुढे जाताना काय घेऊन गेली, याची एक पानभर टिपणी जवळच्या महाविद्यालयाला द्यावी. महाड-पोलादपुरासारख्या भागात कोणत्या शाळेची मुले कुठे जातात हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे इथे ते मुंबईपेक्षा सोपे आहे.

पहिल्या आठवड्यात एक छोटी चाचणीही घ्यावी. तिच्यावरून वर्ग पाडायचे नाहीत, गुणही द्यायचे नाहीत. शिकवणाऱ्याला आपले कुठे उभे राहायचे ते कळावे, इतकाच उपयोग. पाच प्रश्न पुरतात. १/२ आणि १/३ यांची बेरीज अर्ध्यापेक्षा मोठी की लहान, का? वीस टक्के वाढून वीस टक्के घटलेली किंमत मूळ किमतीइतकी असते का? अडीचपट म्हणजे किती टक्के वाढ? दहा हजारांवर शेकडा दोनने, घटत्या शिलकीवर, दहा महिन्यांत किती व्याज? आणि पाचवा प्रश्न: तुमच्या गावाला परत जाणारी दुपारची एसटी किती वाजता सुटते? या पाचव्याचे उत्तर सगळे अचूक देतात. वेळापत्रक लावणाऱ्याने ते आधी वाचावे.